चुंबकीय उद्दीपनासाठी कमी ऊर्जेची कॉइल: आराखड्यापासून मोजणीपर्यंत

१९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून विद्युतधारेचा क्षणिक झोत सोडला आणि मेंदूच्या कारक भागाचे उद्दीपन होऊन हाताचे स्नायू हलतात हे दाखवले. त्वचेला इलेक्ट्रोड लावावे लागले नाहीत आणि वेदनाही जवळपास झाल्या नाहीत. आज हेच तत्त्व नैराश्यावरील उपचारापासून हातापायांच्या चेतातंतूंच्या तपासणीपर्यंत वापरले जाते. मात्र ऊर्जेच्या हिशेबात ही पद्धत फार खर्चिक आहे. एका पल्ससाठी कपॅसिटरमध्ये काहीशे ज्यूल ऊर्जा साठवावी लागते आणि त्यातली ऊतीत प्रत्यक्ष पोहोचणारी ऊर्जा जेमतेम मिलिज्यूलच्या घरात असते. उरलेली सगळी ऊर्जा कॉइलभोवतीच्या हवेत चुंबकीय क्षेत्र उभे करण्यात गुंतते. तिचा काही भाग परत मिळवता येतो आणि काही तारेत उष्णता होऊन जातो. यंत्राचे वजन, किंमत, आवाज आणि दर मिनिटाला देता येणाऱ्या पल्सची संख्या या सगळ्यांचे मूळ या हिशेबात आहे.

हा लेख विद्युत किंवा जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे प्राथमिक ज्ञान असलेल्या, पण अशी कॉइल प्रथमच आखणाऱ्या वाचकासाठी आहे. उदाहरण म्हणून हाताच्या स्नायूंशी संबंधित कारक बाह्यकाच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातील हालचाली घडवणाऱ्या भागाच्या, उद्दीपनाची कॉइल घेतली आहे. कणा, दंड किंवा ओटीपोटाच्या चेतातंतूंसाठीची कॉइल आखतानाही क्रम हाच राहतो, फक्त अंतरे आणि दिशा बदलतात.

पहिली पायरी: उद्दिष्ट टेस्लामध्ये लिहू नका

नवख्या आराखड्यात बहुधा पहिलेच वाक्य "दोन टेस्लाची कॉइल हवी" असे असते आणि तिथेच वाट चुकते. चेतापेशीला उद्दीपित करते ते बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ऊतीत निर्माण केलेले विद्युतक्षेत्र. कॉइलच्या पृष्ठभागावर किती टेस्ला आहेत यावरून दीड-दोन सेंटिमीटर खोलीवर किती विद्युतक्षेत्र मिळेल हे कळत नाही. एखादी लहान कॉइल पृष्ठभागावर प्रचंड चुंबकीय क्षेत्र दाखवते आणि तरीही बाह्यकापाशी अपुरी पडते.

म्हणून उद्दिष्टात पुढील गोष्टी लिहाव्यात. कारक बाह्यकासाठी साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर हे विद्युतक्षेत्र आराखड्याचा आधार म्हणून धरता येते. डोक्याचे सर्वात सोपे प्रतिरूप म्हणजे एक गोल वाहक, ज्यात डोक्याचा पृष्ठभाग ८५ मिलिमीटर त्रिज्येवर आणि बाह्यक ७० मिलिमीटर त्रिज्येवर, म्हणजे १५ मिलिमीटर खोल मानले जाते. विद्युतक्षेत्राची दिशाही ठरवावी लागते. हाताच्या कारक भागासाठी ती डोक्याच्या मध्यरेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करणारी, मध्यवर्ती खाचेला आडवी ठेवतात. चौथी बाब म्हणजे पल्सचा कालावधी. प्रचलित द्विदिश पल्स, म्हणजे जिच्यात धारा आधी एका आणि मग उलट दिशेने वाहते ती, ३०० मायक्रोसेकंदांच्या आसपास असते.

लांब, सरळ चेतातंतूसाठी मात्र विद्युतक्षेत्राच्या मूल्यापेक्षा तंतूच्या दिशेने ते किती वेगाने बदलते हे महत्त्वाचे ठरते. तंतू जिथे वळतो किंवा संपतो तिथे पुन्हा क्षेत्राचे मूल्यच निर्णायक होते. दंडाच्या चेतातंतूसाठी कॉइल आखणाऱ्याने हा फरक पहिल्याच पानावर नोंदवावा, कारण मेंदूसाठी उत्तम ठरलेली कॉइल तिथे मध्यभागी ठेवून चालत नाही, थोडी सरकवावी लागते.

गोल वाहकाचे प्रतिरूप बाळबोध वाटले तरी ते टाकाऊ नाही. गोलीय सममिती असलेल्या वाहकात बाहेरच्या कॉइलमुळे त्रिज्येच्या दिशेने विद्युतक्षेत्र निर्माणच होत नाही आणि पृष्ठभागाला समांतर असलेले क्षेत्र कवटी, द्रव आणि मेंदू यांच्या वेगवेगळ्या वाहकतेवर अवलंबून राहत नाही. त्यामुळे कॉइलची तुलना करण्यासाठी हे प्रतिरूप पुरेसे असते. हाच गुणधर्म पुढे मोजणीतही उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी: ऊर्जेचा हिशेब एकदा हाताने करा

संगणकाला हात लावण्यापूर्वी कागदावर एक उदाहरण सोडवून पाहणे फार उपयुक्त ठरते. समजा नऊ वेढ्यांच्या कॉइलचे इंडक्टन्स १५ मायक्रोहेन्री, कपॅसिटर १८५ मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज १५०० व्होल्ट आहे. कपॅसिटरमधील ऊर्जा म्हणजे धारितेचा आणि व्होल्टेजच्या वर्गाचा गुणाकार भागिले दोन, अर्थात सुमारे २०८ ज्यूल. परिपथाची नैसर्गिक वारंवारता ३ किलोहर्ट्झच्या जवळ येते आणि एक पूर्ण आवर्तन सुमारे ३३० मायक्रोसेकंदांचे होते. रोध दुर्लक्षिला तर कमाल विद्युतधारा सुमारे ५२७० अँपिअर भरते. सुरुवातीच्या क्षणी धारेच्या बदलाचा वेग म्हणजे व्होल्टेज भागिले इंडक्टन्स, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला १०० अँपिअर. ऊतीतले विद्युतक्षेत्र या वेगाच्या प्रमाणात असते, धारेच्या नव्हे.

आता याच साच्यावर, त्याच जागेत नऊऐवजी अठरा वेढे घेतले असे समजा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून ६० मायक्रोहेन्री होते. तेवढेच विद्युतक्षेत्र मिळवायला धारा मात्र निम्मी, म्हणजे २६३५ अँपिअर पुरते. इंडक्टन्स गुणिले धारेचा वर्ग भागिले दोन करून पाहिले तर उत्तर पुन्हा २०८ ज्यूलच येते. वेढे वाढवून किंवा कमी करून चुंबकीय ऊर्जा वाचत नाही. वेढ्यांची संख्या एवढेच ठरवते की ती ऊर्जा जास्त व्होल्टेज आणि कमी धारेच्या रूपात पुरवायची की उलट. ऊर्जा किती लागेल हे धारा अवकाशात कशी पसरली आहे यावर, म्हणजे निव्वळ भूमितीवर ठरते. हे एकदा पटले की आराखड्यातील अर्धा गोंधळ संपतो. "वेढे किती घेऊ?" हा प्रश्न शेवटी ढकलता येतो आणि "धारा कुठून नेऊ?" हा प्रश्न पुढे येतो.

याच हिशेबातून कॉइलच्या गुणवत्तेचे एक सोपे माप मिळते. धारा दर मायक्रोसेकंदाला एक अँपिअर या वेगाने बदलताना लक्ष्यबिंदूवर किती व्होल्ट प्रति मीटर मिळतात, या संख्येला आपण कॉइलची पकड म्हणू. पकडीचा वर्ग भागिले इंडक्टन्स हे गुणोत्तर जितके मोठे, तितकी त्याच पल्ससाठी ऊर्जा कमी. उदाहरणार्थ, पहिल्या कॉइलची पकड १.२ आणि इंडक्टन्स १५ मायक्रोहेन्री असेल, तर १०० व्होल्ट प्रति मीटरसाठी, वरच्याच वारंवारतेला, तिला सुमारे १४५ ज्यूल लागतील. दुसरीची पकड १.६ आणि इंडक्टन्स २० मायक्रोहेन्री असेल तर तिला सुमारे १०८ ज्यूल पुरतील. केवळ इंडक्टन्स पाहून पहिली कॉइल चांगली ठरवणारा माणूस इथे चौथा हिस्सा ऊर्जा वाया घालवतो.

तिसरी पायरी: आकार, अंतर आणि केंद्रितता यांचा सौदा

साधी वर्तुळाकार कॉइल डोक्यावर सपाट ठेवली तर तिच्या केंद्राखाली विद्युतक्षेत्र जवळजवळ शून्य असते आणि कमाल क्षेत्र वेढ्यांच्या कड्याखाली असते. तिच्या मध्यबिंदूचा नेम लक्ष्यावर धरून प्रतिसाद का मिळत नाही असे विचारणारे प्रत्येक प्रयोगशाळेत भेटतात. १९८८ साली जपानमध्ये शोगो उएनो आणि सहकाऱ्यांनी विरुद्ध दिशेने धारा वाहणारी दोन वर्तुळे शेजारी ठेवून इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल मांडली. तिच्यात मधल्या पट्ट्यातील धारा एकाच दिशेने वाहतात आणि त्यांच्या बरोबर खाली विद्युतक्षेत्र एकवटते. प्रत्येक पंखात, म्हणजे वर्तुळात, नऊ वेढे, वेढ्यांचा आतला व्यास ५६ आणि बाहेरचा ८७ मिलिमीटर, अशा मापांची एक प्रचलित कॉइल संशोधनात तुलनेसाठी वारंवार वापरली जाते. आपल्या आराखड्यालाही तीच मोजपट्टी ठेवावी.

ऊर्जेवर सर्वात जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे कॉइल आणि ऊती यांतील अंतर. कारक बाह्यकावरील मोजमापांनुसार दर एक मिलिमीटर अंतरामागे यंत्राची ताकद सुमारे ३ टक्क्यांनी वाढवावी लागते. ऊर्जा ताकदीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. आवरणाची जाडी, पॉटिंगचा (तारांभोवती ओतलेल्या इपॉक्सीचा) थर, तारेची स्वतःची उंची हे सगळे या अंतरात धरायचे असते. तार ६ मिलिमीटर उंच पट्टीची असेल तर धारेचा मध्य पृष्ठभागापासून आणखी ३ मिलिमीटर दूर जातो हे अनेकदा विसरले जाते. म्हणूनच कॉइलची डोक्याकडची बाजू गोलाईला जुळणारी, म्हणजे किंचित अंतर्वक्र केली की सपाट कॉइलच्या तुलनेत ऊर्जा वाचते. पंखांचे बाहेरचे भागही ऊतीच्या जवळ येतात आणि तेही कामाला लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आकारमान. कॉइल लहान केली की उद्दीपित क्षेत्र लहान होते, पण तिचे क्षेत्र खोलीबरोबर झपाट्याने विरते आणि ऊर्जेची गरज भराभर वाढते. मोठी कॉइल खोलवर पोहोचते, मात्र तिचे क्षेत्र पसरट असते. २०१३ साली झी-दे डेंग, सारा लिसान्बी आणि आंगेल पेटरचेव यांनी पन्नास कॉइलची संगणकीय तुलना करून खोली आणि केंद्रितता यांतील हा सौदा मांडला. वरवरच्या भागाला वगळून फक्त खोलवरचा बिंदू गाठणारी कॉइल बनवता येत नाही. गोल वाहकात विद्युतक्षेत्र नेहमी पृष्ठभागाकडे वाढतच जाते आणि कितीही कॉइल कोणत्याही रचनेत लावल्या तरी हा नियम मोडत नाही. अशी कॉइल विकू पाहणारी जाहिरात वाचल्यास ती बाजूला ठेवावी.

म्हणून केंद्रितता किती हवी हे आधीच आकड्यात ठरवावे आणि त्याहून जास्त मागू नये. सामान्यतः कमाल मूल्याच्या ७०.७ टक्क्यांहून जास्त विद्युतक्षेत्र असलेल्या भागाचे क्षेत्रफळ हे माप घेतात. या सीमेवर क्षेत्राचा वर्ग कमाल मूल्याच्या निम्मा होतो. गरजेपेक्षा नेमकी कॉइल म्हणजे गरजेपेक्षा तापणारी कॉइल.

चौथी पायरी: धारा कुठून न्यायची हे संगणकाला ठरवू द्या

इथून पुढचे काम खऱ्या अर्थाने आखणीचे आहे आणि या लेखातील सर्वात महत्त्वाचे आहे. १९९० च्या दशकात फिनलंडमध्ये यार्मो रुओहोनेन आणि रिस्तो इल्मोनिएमी यांच्या गटाने कॉइलच्या इष्टतमीकरणाचे गणित मांडले. पुढे २०१५ साली आल्टो विद्यापीठातील लारी कोपोनेन, याक्को निएमिनेन आणि इल्मोनिएमी यांनी दिलेल्या केंद्रिततेसाठी किमान ऊर्जेची कॉइल शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा आहे.

वेढ्यांचा विचार आधी पूर्णपणे सोडून द्यायचा. डोक्याच्या वर, आवरणाची जाडी धरून, एक पृष्ठभाग कल्पायचा. तो सपाट, वक्र किंवा टोपीसारखा कसाही असू शकतो. या पृष्ठभागावर धारा सलग पसरलेली आहे असे मानायचे आणि ती एका प्रवाहफलनाने दर्शवायची. भूगोलाच्या नकाशावर समोच्चरेषा असतात, तशा या फलनाच्या समान मूल्यांच्या रेषा काढल्या की धारा त्या रेषांच्या बाजूने वाहते आणि रेषा जिथे दाट असतील तिथे धारा जास्त असते. धारा कुठे साचणार नाही किंवा मध्येच नाहीशी होणार नाही याची हमी या मांडणीतच असते.

पृष्ठभागाचे लहान त्रिकोणांत विभाजन केल्यावर प्रवाहफलन म्हणजे काही हजार अज्ञात संख्यांची यादी उरते. चुंबकीय ऊर्जा या संख्यांच्या द्विघाती राशीच्या रूपात लिहिता येते, कारण प्रत्येक जोडीमधील परस्पर इंडक्टन्स एकदाच काढून ठेवता येते. ऊतीतल्या कोणत्याही बिंदूवरील विद्युतक्षेत्र या संख्यांशी रेषीय संबंध ठेवते. मग प्रश्न असा उरतो: लक्ष्यबिंदूवर ठरलेल्या दिशेने १०० व्होल्ट प्रति मीटर मिळाले पाहिजे, ठरवलेल्या सीमेच्या बाहेर कुठेही ७०.७ व्होल्ट प्रति मीटरहून जास्त मिळता कामा नये आणि या अटी पाळून ऊर्जा किमान हवी. हा बहिर्वक्र प्रश्न असल्याने त्याला एकच सर्वोत्तम उत्तर असते आणि ते खात्रीने सापडते. नशिबावर अवलंबून राहावे लागत नाही.

पायथन वापरणाऱ्यांसाठी आल्टो विद्यापीठातूनच आलेले बीफील्डटूल्स हे मुक्त साधन पृष्ठभागावरील धारा आखण्यासाठी उपयुक्त आहे. प्रत्यक्ष माणसाच्या एमआरआयवरून डोक्याचे प्रतिरूप करून विद्युतक्षेत्र तपासायचे असेल तर सिमनिब्स वापरावे. सुरुवात मात्र गोल वाहकापासून करावी, कारण तिथले उत्तर स्वतंत्र सूत्राने पडताळता येते. माझ्या मते ज्याने आपल्या संगणकीय मांडणीतून साध्या वर्तुळाकार कॉइलचे ज्ञात इंडक्टन्स काढून पाहिलेले नाही, त्याने इष्टतमीकरणाकडे वळूच नये.

उत्तर हाती आले की ते ओळखीचे वाटते, कारण साधारणपणे आठाच्याच आकाराची आकृती उमटते. फरक असा की वेढे पंखांच्या कडेला एका दाट कड्यात कोंबलेले नसून आतपर्यंत पसरलेले असतात, मधल्या पट्ट्याखाली दाट होतात आणि बाहेरच्या बाजूला विरळ होत जातात. दाटीने कोंबलेल्या तारांभोवती चुंबकीय क्षेत्र स्थानिक पातळीवर प्रचंड होते आणि ती ऊर्जा ऊतीपर्यंत न जाता तिथेच अडकते. धारा पसरवली की हा अपव्यय टळतो. कारखान्यातून येणाऱ्या जुन्या धाटणीच्या कॉइलमध्ये वेढे सोयीसाठी एकाला एक खेटून गुंडाळलेले असतात आणि त्या सोयीची किंमत प्रत्येक पल्सला मोजावी लागते.

आता प्रवाहफलनाच्या कमाल आणि किमान मूल्यांमध्ये समान अंतराच्या जितक्या पातळ्या घ्याल तितके वेढे होतील. पातळी त्या त्या टप्प्याच्या मध्यावर घ्यावी. बंद वेढे एकसर जोडण्यासाठी प्रत्येक वेढा एका जागी तोडून पुढच्याला जोडावा लागतो. ही जोडणी लक्ष्यापासून दूर, पंखाच्या बाहेरच्या बाजूला करावी आणि परतीची तार त्याच मार्गाच्या अगदी वरून न्यावी, म्हणजे दोघींची क्षेत्रे एकमेकींना छेदून जवळजवळ शून्य होतील. मध्यभागी रेषा इतक्या दाट आल्या की तार आणि इन्सुलेशन तिथे मावत नाही, तर गणिताकडे परत जाऊन धारेच्या घनतेवर मर्यादा घालावी किंवा दोन थर करावेत. हाताने रेषा सरकवून जमवू नये.

पाचवी पायरी: वेढे, तार आणि लीड

वेढ्यांची संख्या आता ठरवायची. ती तुमच्या कपॅसिटरचे कमाल व्होल्टेज आणि स्विचची धारा वाहण्याची क्षमता यांवरून ठरते. पण इथे एक बारकावा आहे. यंत्रापासून कॉइलपर्यंतच्या लीडलाही स्वतःचे इंडक्टन्स असते आणि तिच्यात साठणारी ऊर्जा कोणत्याही उपयोगाची नसते. लीडचे इंडक्टन्स १ मायक्रोहेन्री धरले तर १५ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमागे सुमारे ६ टक्के ऊर्जा वाया जाते. त्याच आकाराची चार वेढ्यांची कॉइल केली तर तिचे इंडक्टन्स ३ मायक्रोहेन्रीच्या आसपास येते आणि लीड एकूण ऊर्जेचा चौथा हिस्सा गिळते. म्हणून फार कमी वेढे घेऊ नयेत आणि लीड शक्य तितकी आखूड, जाण्या-येण्याच्या तारा एकमेकींत गुंफलेली किंवा समाक्ष ठेवावी.

३ किलोहर्ट्झला तांब्यात धारा पृष्ठभागापासून सुमारे १.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच नीट वाहते. जाड सळई वापरली तर आतले तांबे फुकट जाते आणि शेजारच्या वेढ्यांच्या क्षेत्रामुळे धारा एका कडेला ढकलली जाऊन रोध आणखी वाढतो. बारीक, स्वतंत्रपणे एनॅमल केलेल्या शेकडो तारांची पीळ दिलेली लिट्झ तार हा यावरचा रुळलेला उपाय आहे. रोधाचे महत्त्व आकड्यात पाहायचे तर, वरच्या उदाहरणातील कॉइलचा रोध १० मिलिओहम असेल तर पूर्ण ताकदीच्या एका द्विदिश पल्समध्ये सुमारे ४६ ज्यूल तिच्यात उष्णतेच्या रूपाने जातात. सेकंदाला दहा पल्स दिल्या की कॉइल ४६० वॉटची शेगडी होते. थायरिस्टरला उलट दिशेने डायोड जोडलेल्या द्विदिश परिपथात उरलेली ऊर्जा कपॅसिटरकडे परतते. एकदिश पल्समध्ये ती बहुतांशी जाळून टाकली जाते. पुनरावृत्त उद्दीपनाची यंत्रे द्विदिश पल्स वापरतात याचे हे मुख्य कारण आहे.

लोखंडी गाभ्याविषयी थोडक्यात सांगतो. कॉइलच्या मागच्या बाजूला चुंबकीय मार्ग लोखंडातून नेला की त्या बाजूच्या हवेत साठणारी ऊर्जा वाचते. चार्ल्स एपस्टाइन आणि केंट डेव्ही यांनी अशा कॉइल यशस्वीपणे केल्या आहेत. पण फेराइट अर्ध्या टेस्लाच्या आतच संपृक्त होते, म्हणून ते इथे निरुपयोगी ठरते. सुमारे दोन टेस्लापर्यंत टिकणाऱ्या पोलादाच्या अतिशय पातळ, एकमेकींपासून विलग केलेल्या पत्र्यांची चळत लागते आणि कॉइल जड होते. पहिल्या प्रयत्नात हवेच्या गाभ्याचीच कॉइल करावी.

सहावी पायरी: पल्स आखूड करून ऊर्जा वाचते का?

वाचते. तेच विद्युतक्षेत्र निम्म्या काळासाठी हवे असेल तर धारा निम्मी आणि ऊर्जा चतुर्थांश लागते. मात्र चेतापेशीचे पटल भारित व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आखूड पल्ससाठी विद्युतक्षेत्र वाढवावे लागते. ही वाढ दुपटीपेक्षा कमी असते, म्हणून एकूण ऊर्जा तरीही घटते. त्याची किंमत व्होल्टेजमध्ये चुकवावी लागते. कॉइल तीच ठेवून पल्स निम्मी करायची तर क्षेत्राच्या वाढीइतके व्होल्टेज वाढते आणि इन्सुलेशन व स्विच दोन्ही महाग होतात. या ठिकाणी वेढे कमी करून व्होल्टेज खाली आणता येते, पण मघाच्या लीडच्या हिशेबाकडे लक्ष ठेवूनच.

सातवी पायरी: बांधणी

चुंबकीय क्षेत्र दोन टेस्ला असते तिथे तारांवर सुमारे १६ वातावरणांइतका दाब क्षणभर येतो. प्रत्येक वेढा बाहेर फाकू पाहतो आणि मधल्या पट्ट्यातील दोन्ही पंखांच्या तारा एकमेकींकडे ओढल्या जातात. तार साच्यात किंचितही हलली तर एनॅमल घासून काही हजार पल्सनंतर दोन वेढ्यांमध्ये ठिणगी पडते. यासाठी काचतंतू-इपॉक्सीच्या जाड पत्र्यात सीएनसीने खोबण कोरून तार तिच्यात लाकडी किंवा नायलॉनच्या पट्टीने दाबत बसवावी आणि निर्वात पात्रात इपॉक्सी ओतावे. हवेचा बुडबुडा राहिला तर उच्च व्होल्टेजला नेमके तिथे अंशतः विसर्जन, म्हणजे इन्सुलेशन पोखरणाऱ्या बारीक ठिणग्या, सुरू होते. त्रिमितीय मुद्रणाने साचा करायचा झाल्यास पीएलए हे प्लास्टिक वापरू नये. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि वेढ्यांची जागा हलते. मापे जुळवून पाहण्याच्या कच्च्या नमुन्यापुरते ते ठीक आहे.

याच बलांमुळे प्रत्येक पल्सला टणत्कार होतो आणि तो कानाजवळ ऐकण्याला इजा करण्याइतका तीव्र असू शकतो, म्हणून चाचणी करणाऱ्यानेही कानांना संरक्षण लावावे. रुग्णाला दीर्घकाळ स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ४१ ते ४३ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ देता येत नाही. कमी ऊर्जेच्या आराखड्याचा फायदा रुग्णाला इथे थेट कळतो, कारण १० हर्ट्झने ३००० पल्स देणाऱ्या नैराश्यावरील प्रचलित उपचारक्रमात कॉइल थंड होईपर्यंत थांबावे लागत नाही. आवरणात वेढ्यांना चिकटून किमान दोन तापमान संवेदक ठेवावेत. त्यांच्या तारा मोठे फास न करता आणाव्यात, नाहीतर त्यांच्यातच व्होल्टेज निर्माण होते.

आठवी पायरी: आधी कमी धारेवर मोजा

हवेच्या गाभ्याची कॉइल पूर्णपणे रेषीय असते, म्हणून तिची पकड काही अँपिअरवर मोजली तरी ती हजारो अँपिअरला तशीच लागू पडते. ही सोय सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाची आहे. साधा ऑडिओ अँप्लिफायर, त्याच्यासह एकसर ४ ओहमचा, किमान १०० वॉटचा रोधक आणि ३ किलोहर्ट्झचा सिग्नल एवढे पुरते. ५ अँपिअर कमाल धारेला बदलाचा वेग दर मायक्रोसेकंदाला सुमारे ०.०९५ अँपिअर येतो, म्हणजे खऱ्या पल्सच्या साधारण हजारावा भाग.

विद्युतक्षेत्र मोजण्यासाठी त्रिकोणी तारेचा फास करावा. त्याचे टोक गोलाच्या केंद्रापाशी, दोन लांब बाजू त्रिज्येच्या दिशेने आणि तिसरी, आखूड बाजू ७० मिलिमीटर अंतरावर पृष्ठभागाला समांतर. गोल वाहकात त्रिज्येच्या दिशेने विद्युतक्षेत्र नसते, त्यामुळे फासात निर्माण होणारे सगळे व्होल्टेज त्या आखूड बाजूच्या वाट्याचे मानता येते. खारे पाणी भरलेला गोळाही लागत नाही. आखूड बाजू ५ मिलिमीटर असेल तर १०० व्होल्ट प्रति मीटरला अर्धा व्होल्ट मिळतो. कमी धारेच्या चाचणीत तो अर्ध्या मिलिव्होल्टवर येतो, म्हणून फासाला दहा वेढे द्यावेत आणि ऑसिलोस्कोपवर सरासरी घ्यावी. फासाच्या दोन्ही तारा घट्ट पिळून बाहेर आणाव्यात. कॉइल स्थिर ठेवून फास केंद्राभोवती दोन-दोन अंशांनी फिरवत नकाशा काढला की केंद्रितता आणि पकड दोन्ही एकाच बैठकीत मिळतात. इंडक्टन्स आणि रोध एलसीआर मीटरने शक्यतो ३ किलोहर्ट्झच्या जवळच्या वारंवारतेला मोजावेत. एकदिश धारेवरचा रोध इथे दिशाभूल करतो. गणित आणि मोजणी यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तारेची उंची किंवा फासाचे अंतर पुन्हा तपासावे. बहुधा दोष तिथेच सापडतो.

मगच उच्च व्होल्टेजकडे वळावे आणि तेही एकट्याने नाही. दोनशे ज्यूलचा कपॅसिटर प्राणघातक असतो. कायमस्वरूपी जोडलेला विसर्जन रोधक, व्होल्टमीटर, झाकण उघडताच पुरवठा तोडणारा स्विच आणि हाताने लावायची भूसंपर्काची सळई या चारही गोष्टी असल्याशिवाय चार्जिंग सुरू करू नये. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवत रोगोव्स्की कॉइलने (तारेभोवती गुंडाळून धारा मोजणाऱ्या कॉइलने) धारा नोंदवावी. दोन सलग पल्सच्या आलेखांत आवर्तनाचा काळ घटलेला दिसला तर वेढ्यांमध्ये शॉर्ट झाल्याची ती खूण समजून चाचणी थांबवावी.

इतके झाल्यावरही ही कॉइल माणसावर वापरता येत नाही. भारतात वैद्यकीय उपकरणे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात आणि मानवी चाचणीसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. त्या अर्जाला विद्युत सुरक्षेचा अहवाल, तापमानाचे आलेख आणि वरच्या फासाने काढलेला विद्युतक्षेत्राचा नकाशा जोडावा. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोक्यात धातू असलेल्या आणि अपस्माराचा इतिहास असलेल्या व्यक्तींना वगळण्याचे निकष त्यात स्पष्ट लिहावेत आणि चाचणीच्या वेळी झटका आल्यास तो हाताळू शकणारा डॉक्टर खोलीत हजर असेल याची नोंद करावी.